ठिपके उजव्या हाताने

कुत्र्याने आधी तिचा डावा हात हुंगला आणि सोडून दिला. मग उजवा हुंगला आणि तिथेच अडकला. ओलं गार नाक अंगठ्याच्या बेचक्यात रुतवून, डोळे अर्धे मिटून तो उभा राहिला. औरा नदी ओलांडायला त्या नारिंगी नावेला दीड मिनिट लागतं. ते दीड मिनिट कुत्र्याने इर्मेलीच्या उजव्या हातात काढलं. मार्च महिना, सकाळचे पावणेसात, पाण्यावर बर्फाचे मळकट तुकडे. नावेत आठ माणसं, आठही आठ दिशांना तोंड करून उभी. इथे कुणी कुणाकडे बघत नाही, सभ्यपणा म्हणतात त्याला. कुत्र्याच्या म्हाताऱ्या मालकाला मात्र बोलावंच लागलं.

"सोड, हाल्ली. माफ करा हां. जंगलात वाढलाय, राळेचा वास आला की याला काही सुचत नाही. सुतारकाम करता का तुम्ही?"

"नाही," इर्मेली म्हणाली. "कसली राळ?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं, मग हाताकडे. "तुमच्या हाताला आहे ना. स्प्रूसच्या झाडाची. चांगली दरवळतेय की."

नाव पैलतीराला टेकली. इर्मेली उतरली, चार पावलं चालली आणि कठड्याला धरून थांबली. मागून उतरणारी माणसं तिला वळसा घालून गेली. तिने उजवा अंगठा नाकाशी नेला, छाती भरून श्वास घेतला. काही नाही. गार हवा आत गेली आणि गार हवा बाहेर आली. डावा अंगठा. काही नाही. ऑक्टोबरातल्या त्या तापानंतर तिच्या नाकात जे बंद झालं होतं ते बंदच होतं. पाच महिने झाले. ही गोष्ट तिने जगात कुणालाही सांगितली नव्हती. आणि आता एका कुत्र्याने भर नावेत तिला सांगितलं होतं, की तुझ्या एका हाताला वास येतो, दुसऱ्या हाताला येत नाही. एका हाताला. ही एवढीच गोष्ट तिच्या डोक्यात खिळ्यासारखी बसली. दोन्ही हातांना आला असता तर काही बिघडलं नसतं. पण कामावर ठिपके उजव्या हाताने असतात आणि पट्टे डाव्या.

इर्मेली कांकारे एकोणसाठ वर्षांची. त्यातली एकतीस तिने तुर्कू शहरातल्या एका प्रयोगशाळेच्या जनावरघरात उंदरांमागे काढली. लोक प्रयोगशाळा म्हटलं की पांढरे कोट आणि काचेच्या नळ्या आणतात डोळ्यांपुढे. पांढऱ्या कोटांच्या खाली, तळघरात, पिंजऱ्यांतला ओला भुसा खरवडणारं कुणीतरी असतं, आणि वरच्यांना जे काही उंदरांविषयी कळतं ते आधी त्या खालच्या माणसाच्या हातातून गेलेलं असतं. छापून येतं तेव्हा शेवटी बारीक अक्षरात 'जनावरांची देखभाल' म्हणून आभार असतात. कधी तेही नसतात. इर्मेलीला त्याचं फारसं काही नव्हतं, कारण तिच्याकडे नाक होतं. दार उघडून उंबऱ्यात उभं राहायचं, एक श्वास घ्यायचा, आणि सांगायचं: तिसरी रांग, खालून दुसरा पिंजरा, कुणीतरी आजारी आहे. डॉक्टर यायचा, तपासायचा, मान डोलवायचा. पिलं होणार असतील तर आदल्या दिवशी कळायचं तिला. भ्यालेल्या उंदराचा वास वेगळा, कंटाळलेल्याचा वेगळा. प्रोफेसर तोर्स्तेन पाहुण्यांना मुद्दाम खाली आणायचा आणि म्हणायचा, "आमच्याकडचं सगळ्यात महाग यंत्र दाखवतो," आणि तिच्या नाकाकडे बोट करायचा. पाहुणे हसायचे. तीही हसायची. खरं तर तिला ते आवडायचं, आणि आवडतं याची लाजही वाटायची.

डिसेंबरात एका पिंजऱ्यातले चार उंदीर फुप्फुसाच्या रोगाने गेले. एका रात्रीत गेले असं सगळ्यांनी धरलं. एका रात्रीत काही जात नाही. आठवडाभर तो वास त्या खोलीत उभा असणार आणि ती रोज त्याच्यातून, त्याला धक्का न लागल्यासारखी, येत-जात असणार. त्या दिवशी ती घरी जाऊन स्वयंपाकघरात बसली, कॉफीच्या डब्यात तोंड घातलं आणि श्वास घेत राहिली. डब्यात काळं होतं फक्त. तेव्हापासून ती डोळ्यांनी काम करायला लागली होती. प्रत्येक पिंजरा दोन-दोन वेळा वाकून बघायची, लोकांना वाटायचं वयाबरोबर मन लावून करायला लागलीय. कळलं असतं तर तिला वरच्या मजल्यावर धुलाईत पाठवलं असतं. बाटल्या, ताटल्या आणि वाफ. तिथे काही जिवंत नसतं.

आणि ही राळ. तिला विचार करावा लागला नाही. थंडीत तिचा उजवा अंगठा दरवर्षी फाटतो, नखाच्या बाजूने अशी भेग पडते की पाणी लागलं तर डोळ्यांत पाणी येतं. औषधाच्या दुकानातून तिने मलम आणलं होतं, डबीवर लिहिलेलं, गंध नाही. जिचा प्रयोग चालू होता त्या पिल्वीने स्वतः ती डबी तपासली होती, नोंदवहीत लिहिलं होतं, चालेल. नाताळात बहीण आली, आउने, उत्तरेकडून, सोबत राय धान्याच्या पिठाच्या भाकऱ्या, गोठवलेले मासे आणि न मागितलेले सल्ले घेऊन. "हे काय लावतेस ग, पांढरं पांढरं? याने मेलेलं कातडंसुद्धा बरं होणार नाही." इर्मेली हसली होती. नंतर जानेवारीत मलम जरा पिवळट दिसलं, जरा चिकट लागलं, आणि भेग पहिल्यांदाच आठवडाभरात भरून आली. थंडीने घट्ट झालं असेल, तिला वाटलं होतं. मग तीच डबी वापरत राहिली. आता कठड्याला धरून तिला दिसलं: आउने सिंकपाशी उभी, चमच्याने पांढरं मलम कोरून कचऱ्यात टाकतेय, आणि आईच्या कृतीने शिजवलेलं राळेचं मलम त्याच डबीत ओततेय. उपकार करून मुकाट्याने निघून जायचं. त्यांच्या घरात सगळे असेच उपकार करायचे.

जनावरघरात पोचल्यावर तिने कपडे बदलले, मास्क चढवला, हात तीनदा धुतले. हातमोजे इथे घालत नाहीत. तोर्स्तेनच्या गुरूने घालून दिलेली रीत आहे ती: मोजे परक्यांसाठी, उंदराला हात कळला पाहिजे. त्यामुळे पाट्या मांडायच्या त्याही उघड्या हातांनी, बिनवासाच्या साबणाने तीनदा धुतलेल्या. आणि तीनदा धुतल्यावर भेगेची आग आग व्हायची, म्हणून इर्मेली धुऊन झाल्यावर त्याच हाताच्या बोटाने अंगठ्याला मलम लावायची. धुण्याच्या आधी नाही, नंतर. तिने रोज सोबत असणारी ती डबी उघडली. पिवळं, चिकट. तिने आज नेहमीसारखंच लावलं.

प्रयोग साधा होता. साध्या गोष्टी समजावून घ्यायला या माणसांना चार वर्षं आणि सरकारचा पैसा लागतो, पण प्रयोग साधाच. लांबट पेटी. एका टोकाला उंदीर. समोर एक पाटी उभी करायची, ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची. उंदीर येतो, नाकाने पाटी ढकलतो, मागे सूर्यफुलाची अर्धी बी मिळते. मग मधलं दार खाली, आत काळोख. तो थांबतो. ठरलेला वेळ झाला की दार वर, आणि आता समोर दोन पाट्या, ठिपक्यांची आणि पट्ट्यांची, दोन्ही नव्या, स्पिरिटने पुसलेल्या. मघाशी जी बघितली ती ढकललीस तर बी. दुसरी ढकललीस तर बी आहे, पण जाळीखाली, मिळत नाही. म्हणजे बीच्या वासाने ओळखायचं म्हटलं तर सोय नाही. उंदराच्या डोक्यात किती वेळ काय टिकतं एवढंच मोजायचं. आधी घंटीच्या आवाजावर केलं होतं: दहा सेकंद, मग विसरला. चित्रावर केलं: वीस सेकंद, मग नशिबावर. वासावर, वेलदोडा आणि कोकोच्या वाळूच्या वाट्या घेऊन: पाच मिनिटं झाली तरी उंदीर विसरेना, शेवटी इर्मेलीचेच पाय दुखायला लागले. डोळ्यांनी घेतलेलं ओघळून जातं, कानांनी घेतलेलं त्याहून आधी, नाकाने घेतलेलं राहतं. हे सप्टेंबरात झालं होतं, नाक जिवंत असताना.

मग पिल्वीची कल्पना. पिल्वी तामिस्तो, अठ्ठावीस वर्षांची, पीएचडीचं चौथं आणि शेवटचं वर्ष खात बसलेली, हुशार, हडकुळी, आणि उंदरांच्या केसांनी डोळे सुजणारी. उंदराच्या खोलीत पाच मिनिटं थांबली की तिचा श्वास शिट्टी वाजवायचा. म्हणून ती काचेपलीकडे, पडद्यावर बघायची, आणि हात सगळे इर्मेलीचे. पिल्वी म्हणाली होती, उंदीर अंधाऱ्या खोलीत वाढतात, डोळ्यांना काम नाही, म्हणून डोळ्यांची आठवण तोकडी. बारा पिलं भरपूर उजेडात, रंगीत आकारांमध्ये वाढवू. उजेडाची खोली एकच होती, म्हणून तिथे वाढलेली ही दुसरी तुकडी प्रयोगाला जानेवारीत आली. आणि जानेवारीपासून ती पिलं चित्र लक्षात ठेवायला लागली. एक मिनिट. दोन. चार. पिल्वी काचेपलीकडे रडली होती. तोर्स्तेन, जो कुणाच्या खांद्याला हात लावत नाही, त्याने तिच्या खांद्याला हात लावला होता. पाच आठवड्यांनी प्रबंधाची जाहीर तपासणी. आणि परवा शुक्रवारी बाराही उंदरांची डोकी उघडायची, मेंदूच्या मागच्या भागात, जिथे डोळ्यांचं काम चालतं, तिथे काय वाढलंय ते बघायला.

आणि ठिपके उजव्या हाताने. एकोणीसशे अठ्ठ्याण्णवात एकदा पाट्यांची अदलाबदल झाली होती. एका पाहुण्या मुलाने तिला सगळ्यांसमोर 'बाई, तुम्हाला दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येत नाहीत का' म्हटलं होतं. तेव्हापासून ठिपके उजव्या, पट्टे डाव्या. ठिपके डावीकडे मांडायचे असले तरी उजवाच हात, ओलांडून. काचेपलीकडून बघणाऱ्यांना ते हात एकमेकांवरून जाताना दिसायचे. पिल्वी त्याला इर्मेलीचा नाच म्हणायची.

सव्वासात वाजले होते. पिल्वी दहाला येते. इर्मेलीने सतरा नंबरला काढलं. डोक्यावर काळा बुरखा, बाकी पांढरा, उजव्या कानाला कातरा. तो तळहातात आला तसा नेहमीप्रमाणे थेट अंगठ्याच्या भेगेकडे गेला आणि मिशा हलवत राहिला. तीन महिने तो हे करत होता. तिला वाटायचं, माया आहे.

ठिपके, उजव्या हाताने. सतराने ढकलली, बी घेतली. दार खाली. स्टॉपवॉच. चार मिनिटं.

चार मिनिटं खूप असतात. अंडं उकडतं. इर्मेली पेटीपुढच्या स्टुलावर बसली आणि पहिल्यांदाच तिला प्रश्न पडला की आत तो काय करतो. काळोखात काय धरून बसतो? तिने डोळे मिटले. आईचं स्वयंपाकघर आणायचं ठरवलं. आलं. खिडकी, निळी किटली, चुलीवर तांब्याचं पातेलं, त्यात राळ आणि लोणी हळूहळू एकजीव होतंय, आईच्या हातात लाकडी पळी, 'पुढे येऊ नका, उडेल.' सगळं दिसत होतं आणि सगळं काचेमागे होतं. लहानपणी त्या वासाने घर भरून जायचं हे तिला ठाऊक होतं. ठाऊक होतं एवढंच. नाक मेलं तेव्हा तिला वाटलं होतं फक्त आजचे वास गेले. मागचेही गेले होते. मागच्या साठ वर्षांत कुणीतरी फिरून सगळे दिवे तसेच ठेवून ऊब काढून घेतली होती. तिने चित्र घट्ट धरायचा प्रयत्न केला, किटली निळीच होती ना, की हिरवी? आत्ता तर निळी होती. पातेलं हललं. आई चुलीकडून खिडकीकडे गेली. विसाव्या सेकंदाला तिच्याकडे फक्त 'किटली' हा शब्द उरला होता.

आणि लाकडाच्या त्या पातळ फळीपलीकडे तीनशे ग्रॅमचा एक जीव, तिच्या अंगठ्याएवढं डोकं, बसला होता. त्याने एकदा मिशा साफ केल्या, त्याचा आवाज आला. मग शांत.

चार मिनिटं. तिने ठिपक्यांची नवी पाटी घेतली, डाव्या हाताने. एकोणीसशे अठ्ठ्याण्णवनंतर पहिल्यांदा. पट्ट्यांची उजव्या हाताने, अंगठा दाबून. हात परक्याचे असल्यासारखे वाटले. दार वर.

सतरा आला. ठिपक्यांपाशी थांबला, ज्या ठिपक्यांसाठी पिल्वी रडली होती. नाक लावलं आणि पाठ फिरवली. पट्ट्यांकडे गेला, मिशा पुढे केल्या आणि त्याच्या सबंध अंगातून काहीतरी सैल झालं, रेल्वे फलाटावर शेवटी आपलं माणूस दिसल्यावर होतं तसं. त्याने पट्टे ढकलले. जाळीखालच्या बीला नाक लावून तो गोंधळून तिच्याकडे बघत राहिला.

इर्मेलीने सतराला उचलून परत पिंजऱ्यात ठेवलं. भीती होती, हो. पण भीतीच्या वर काहीतरी मोठं उभं राहिलं होतं, देवळाच्या दारात उभं राहिल्यावर छत वर वर जात राहतं तसं. त्याने ठिपके बघितलेच नव्हते. एकदाही नाही. हे बारा जण तीन महिने तिचा हात धरून ठेवत होते. आईची राळ, आउनेचा चमचा, तिच्या फाटलेल्या कातडीचा ओलेपणा, तिला स्वतःला न येणारा तो तिचा वास, हे सगळं चार चार मिनिटं, काळोखात, कुणी सांगितलेलं नसताना, अर्ध्या बीसाठी. ती ज्यातून कायमची हाकलली गेली होती त्या घरात हे बारा उंदीर रोज जाऊन येत होते, आणि तिथे ती होती.

तिने एकोणीस नंबरला घेतलं. मग बावीस. तेवीस. चौदा. अकरा. सहापैकी सहांनी हाताचा माग काढला. सहाव्याने जरा वेळ घेतला, दोन्हीकडे जाऊन आला, आणि गेला तो पट्ट्यांकडेच. ती भानावर आली तेव्हा काचेवर टकटक होत होती. पिल्वी, डोळ्यांना मोठा चष्मा, तोंडाला मास्क, हातात कॉफी. भिंतीतल्या स्पीकरमधून तिचा आवाज आला.

"काय ग, आज नाच उलटा? ठिपके डाव्या हाताने?"

आता. इर्मेलीने तोंड उघडलं.

"अंगठा दुखतोय," ती म्हणाली.

"मग राहू दे की. आकडे भरपूर झालेत. बरं, आत आहे तो होऊ दे, मी लिहून घेते."

इतकं सोपं होतं. पेटीत आठ नंबर काळोखात बसलेला, अडीच मिनिटं उरलेली, आणि इर्मेलीला सगळी वाट साफ दिसत होती. घरी जायचं, डबी कचऱ्यात टाकायची. शुक्रवारी डोकी उघडतील, काही सापडणार नाही, न सापडल्याचं कारण हुशार माणसं शोधून काढतील, ती त्यातच वाकबगार असतात. पिल्वी डॉक्टर होईल, इथल्या रिवाजाप्रमाणे टोपी आणि तलवार मिळेल. इर्मेलीला सहा वर्षं आणखी हे तळघर मिळेल, हे तळहातात शिरणारे जीव. कुणाचं काय जातं? कुत्रा काही साक्ष द्यायला येत नाही.

दार वर. उलट्या हातांनी मांडलेल्या पाट्यांपाशी आठ नंबर आला, ठिपके ओलांडून गेला, पट्टे ढकलले.

"अरेरे," स्पीकर म्हणाला. "चुकला. आठ नंबर, चार मिनिटं, चूक. लिहिलं."

"तो चुकला नाही," इर्मेली म्हणाली.

"चुकला की. ठिपके दाखवले होतेस ना?"

"तो चुकला नाही!" तिचा आवाज एवढा चढला की आठ नंबर पेटीच्या कोपऱ्यात दबला. एकतीस वर्षांत त्या खोलीत कुणी ओरडलं नव्हतं. "त्याचं बरोबर आहे. या सगळ्यांचं बरोबर आहे, पहिल्यापासून. चुकलोय आपण. खोड ते. त्याच्या नावापुढे चूक लिहू नकोस."

पिल्वी आत आली. डोळे सुजतील, छाती भरेल, कशाचाही विचार न करता आली. इर्मेलीने तिच्यापुढे अंगठा धरला आणि मास्क काढायला सांगितलं. पिल्वीने मास्क काढला, वाकली, श्वास घेतला, आणि तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"राळ," ती म्हणाली. "म्हणजे जानेवारीपासून... फक्त या हाताला?"

"ठिपक्यांच्या."

पिल्वी जमिनीवर, भुशाच्या पोत्याला टेकून बसली. मग म्हणाली, "मला येत होता हा. कॉफीच्या खोलीत. जानेवारीपासून. रोज मनात यायचं, इर्मेलीला जंगलाचा वास येतो, किती छान."

"मग बोलली का नाहीस?"

"असं कसं बोलायचं कुणाला? तुझ्या अंगाला वास येतो म्हणून?"

"छान येतो म्हणायचं!"

"ते तर त्याहून वाईट!" आणि पिल्वी हसायला लागली. हसता हसता शिंकली, शिंकता शिंकता रडली. नाक पुसत म्हणाली, "चार वर्षं ग, इर्मेली. चार वर्षं. मी तुझा जीव घेईन." मग एकदम थांबली. "पण तुला कसं कळलं नाही? तुला? तू तर भिंतीपलीकडचा ताप ओळखतेस."

खोलीत पंख्याची घरघर होती. पेटीत एक आणि पिंजऱ्यांत अकरा नाकं हलत होती.

"मला येत नाही," इर्मेली म्हणाली. "ऑक्टोबरपासून. काहीच."

"डिसेंबरातले ते चार..."

"हो."

पिल्वीने तिच्याकडे बघितलं. राग तिथेच होता, गेला नव्हता. तरी तिने हात पुढे केला आणि इर्मेलीचा अंगठा धरून ठेवला.

तोर्स्तेनला खाली बोलावलं. सहासष्ट वर्षांचा, उंच, घडी घातल्यासारखा माणूस. सगळं ऐकून घेतलं, एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाला, "दाखव. दहा मिनिटं लाव."

"दहा कधी केली नाहीत."

"म्हणूनच."

सतरा नंबर. ठिपके उजव्या हाताने. दार खाली. तिघं उभी राहिली, मास्क लावून, एकमेकांकडे न बघता, नावेतल्यासारखी. तिसऱ्या मिनिटाला पिल्वीच्या छातीतली शिट्टी सुरू झाली. ती बाहेर गेली नाही. सहाव्या मिनिटाला तोर्स्तेनने चष्मा काढून हातात धरला. या माणसाने चाळीस वर्षं आठवणीवर पुस्तकं लिहिली होती आणि तो त्या बंद फळीकडे असा बघत होता, जणू आत कुणीतरी प्रार्थनेला बसलंय. आतून आवाज नाही. आत एक वास, आणि त्याच्याभोवती एक उंदीर. दहाव्या मिनिटाला इर्मेलीने हात ओलांडले, ठिपके डाव्याने, पट्टे उजव्याने, आणि दार वर घेतलं. सतरा आला. थांबला नाही, डगमगला नाही. सरळ तिच्या हाताकडे.

"माझी आजी लावायची हे," तोर्स्तेन हळूच म्हणाला. इतकंच. मग चष्मा लावला आणि परत प्रोफेसर झाला. "शुक्रवार रद्द. बघायचं ते आता मेंदूच्या पुढच्या भागात, वासाच्या. ईस्टरनंतर. पिल्वी, प्रबंध सहा महिने पुढे जाईल. हे तुझ्या मूळ कल्पनेपेक्षा चांगलं आहे, पण आज तुला तसं वाटणार नाही." आणि मग, जमिनीकडे बघत, "इर्मेली. नाक नसलेल्या माणसाला मी इथे ठेवू शकत नाही."

"ठाऊक आहे."

"सोमवारपासून धुलाई."

"ठाऊक आहे म्हटलं ना." उंदीर ईस्टरनंतरही मरणारच होते, डोकं पुढून उघडलं काय नि मागून. तिने स्वतःला कसलीही थाप मारली नाही. सतराला उचलून पिंजऱ्यात सोडताना त्याने भेगेत नाक घातलं, आणि आज तिने हात लगेच काढून घेतला नाही. त्याला पाहिजे तेवढा वेळ घेऊ दिला. नोंदवहीत तिने आठ नंबरपुढची चूक स्वतःच्या हाताने खोडली आणि लिहिलं: बरोबर.

दुपारी नावेत तिने बहिणीला फोन लावला. भांडायचं ठरवूनच.

"डबीत काय घातलंस तू?"

"बरं झालं ना बोट?" आउने म्हणाली.

"झालं."

"मग?"

पाण्यावरून बर्फाचा एक तुकडा नावेला घासत गेला. ती म्हणाली, "आउने, त्याचा वास कसा आहे, सांग."

"कसा म्हणजे? राळेचा. तुला नाक नाही का?"

"नाही," इर्मेली म्हणाली. "गेलंय. सांग मला."

आउने कधी कशाचं वर्णन करणारी बाई नव्हती. मग तिचा आवाज आला, अडखळत, जड वस्तू घरातून एकेक बाहेर आणून ठेवावी तसा. "थांब. डबी घेते. हं. आधी आंबट लागतो. मग उन्हातलं लाकूड. सरपणाच्या खोपीतलं, जूनमधलं. त्याच्या खाली लोणी, जरा जुनं. आणि आईचा एप्रन. बस. अजून काय सांगू?"

"पुरे," इर्मेली म्हणाली आणि फोन ठेवला. आंबट. उन्हातलं लाकूड. लोणी. एप्रन. कानांनी आलेलं, दहा सेकंदांचं धन. तिने ओठ हलवायला सुरुवात केली, विझू नये म्हणून. आंबट, लाकूड, लोणी, एप्रन. शेजारच्या माणसाने सभ्यपणे तोंड फिरवलं. आंबट, लाकूड, लोणी. तिथे तळघरात, सतरा मात्र एक शब्द न पुटपुटता, ओठ न हलवता दहा मिनिटं बसला होता आणि त्याच्याकडून एक कणही सांडला नव्हता. नाव किनाऱ्याला टेकली. धक्का बसला. इर्मेली उजवी मूठ घट्ट मिटून, पुटपुटत उतरली आणि चालायला लागली.